औषध न मारलेली ओळ

आमच्या द्राक्षबागेत जवळजवळ दरवर्षी चार ओळींवर रोग पडायचा, आणि माझे वडील, आप्पा, तो मुद्दाम पडू द्यायचे. ऑक्टोबरची छाटणी झाली, पोंगे फुटायला लागले, की औषध कंपन्यांची पोरं मोटारसायकलवरून बांधावर यायची. नवीन आलंय, मारून बघा म्हणायची. आप्पा पुडी ठेवून घ्यायचे आणि सगळ्या बागेला फवारायचे, फक्त ओढ्याकडच्या चार ओळी सोडून. त्या चार ओळींवर डावणी, म्हणजे पानं पिवळी पाडणारी बुरशी, आली आणि बाकीची बाग स्वच्छ राहिली, तर औषध खरं. त्या ओळीही स्वच्छ राहिल्या, तर त्यात औषधाचं काही कौतुक नाही, त्या साली हवाच कोरडी होती. शेती आता माझा धाकटा भाऊ बघतो. चार ओळींचा माल हकनाक जातो म्हणून तो दरवर्षी कुरकुर करायचा. आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, की मग औषध चालतंय की नाही ते कळायचं कसं?

हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या चार ओळींपासून सुरू होतो. नाहीतर कुणालाही वाटेल, माझे वडील चक्रम आहेत. थोडे आहेतही, पण त्यांच्या चक्रमपणाला एक शिस्त आहे.

आमचं गाव वणीच्या अलीकडे. मी नाशिकला एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आप्पांना अडुसष्टाव्या वर्षी खोकला लागला. जन्मात कधी विडी ओढलेली नाही, तंबाखूला हात लावलेला नाही, त्यामुळे फवारणीचा वास छातीत बसला असेल असं म्हणत सगळ्यांनी दोन-तीन महिने काढे पाजले. मग मी त्यांना नाशिकला आणलं. फोटो निघाला, गाठ दिसली, तिचा तुकडा काढला आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. पुढे आणखी एक रिपोर्ट आला, की या गाठीच्या पेशींतल्या एका जनुकात बदल झालेला आहे. डॉक्टरांनी हे जवळजवळ आनंदाने सांगितलं. नेमक्या याच बदलावर काम करणारी गोळी आहे, रोज एक घ्यायची, केमोची गरज नाही. कॅन्सरमध्येही बातमी बरी आणि वाईट अशी दोन्ही असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

पण 'जनुकीय' हा शब्द घरी पोचला आणि वेगळंच सुरू झालं. भावाच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. आत्याने मला बाजूला घेऊन बजावलं, की पाहुण्यांसमोर तो शब्द काढू नकोस, घराण्यात आजार आहे असा बभ्रा होईल. मी आत्याला हसले खरी, पण खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यातून तो शब्द जाईना. मला दोन मुलं आहेत. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलंच, की आम्हालाही तपासून घ्यायला हवं का?

ते म्हणाले, हा बदल जन्मापासूनचा नाही. मोठेपणी, फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत झाला आणि तिच्या पिल्लावळीत वाढत गेला. बाकी शरीरात तो नाही, तुमच्यात यायचा प्रश्न नाही. हा धडा मी वीस वर्षं शिकवते आहे. आपल्या घरात आल्यावर मला तो ओळखूही आला नव्हता.

आप्पा मात्र लगेच म्हणाले, "म्हंजे काडी पलटली."

डॉक्टरांना कळेना. मग आप्पांनी समजावलं. वेलीला सगळीकडे गोल मणी असतात आणि एखाद्या वर्षी एकाच काडीला लांबट मणी लागतात. मूळ तेच, खोड तेच, शेजारची काडीही पहिल्यासारखीच, फक्त ती एक पलटलेली. एखादा डोळस शेतकरी ती काडी राखतो, तिच्यावरून कलमं करतो आणि नवीन जात उभी राहते. आमच्या भागातल्या कितीतरी जाती अशाच निघाल्या आहेत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बाहेर रांग असताना दहा मिनिटं द्राक्षांबद्दल प्रश्न विचारले. तेव्हापासून हा माणूस मला आवडतो.

त्याच दिवशी आप्पांनी आणखी एक विचारलं. ही गोळी किती दिवसांनी चालेनाशी होईल? एकच औषध सारखं मारलं की डावणी त्याला सरावते, मग कितीही मारा, पानं पिवळी पडतातच. डॉक्टर म्हणाले, इथेही तसंच होतं, कधी होईल ते सांगता येत नाही. आप्पांनी मान हलवली. खरं उत्तर मिळाल्यावर ते अशी मान हलवतात.

गोळी दीड वर्ष चालली. मग खोकला परत आला, गाठ वाढली. पुन्हा तुकडा काढला, तर पहिल्या बदलावर आणखी एक बदल बसलेला निघाला आणि जुनी गोळी आता तिथे लागू पडत नव्हती. या दुसऱ्या बदलासाठी बाजारात काही नव्हतं. एक नवी गोळी मात्र तयार झालेली होती, काही मोजक्या रुग्णालयांत तिची चाचणी चालू होती, आणि त्यात आमचं रुग्णालय होतं. ट्रायल म्हटल्यावर आई रडायला लागली, माझ्या नवऱ्यावर प्रयोग करणार म्हणून. आप्पांना त्या शब्दाचं काहीच वाटलं नाही. ट्रायल त्यांनी आयुष्यभर केल्या होत्या.

संमतीपत्र मराठीत होतं, पण ते मराठी असं होतं की मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचत होते. संमती चित्रित करायला समोर कॅमेरा लावलेला. चाचणीचं काम बघणारी सटाण्याकडची एक तरुण मुलगी, तिला सगळे कोऑर्डिनेटर ताई म्हणत, एकेक पान वाचून समजावत होती. आप्पांनी तिला इतके प्रश्न विचारले की तिचा चहा दोनदा गार झाला. गोळी कशी बनते, आधी कुणाला दिली, उंदरांना दिली का, उंदरांचं काय झालं. मीही माझे प्रश्न घुसडत होते. आम्हा बापलेकीला त्या दिवशी मजा येत होती, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण येत होती.

शेवटी आप्पांनी विचारलं, औषध न मारलेली ओळ कुठे आहे?

मी अर्थ सांगितला. ताई म्हणाली, या चाचणीत सगळ्यांनाच गोळी मिळते. या रुग्णांना दुसरं औषधच नाही, मग कुणाला तसंच ठेवणं बरोबर नाही. ज्याची त्याची गाठ आधी केवढी होती आणि नंतर केवढी झाली, ते स्कॅनवर मोजून ताडून बघतात. आप्पांनी मान हलवली, पण ही मान वेगळी होती. कंपनीच्या पोरांसमोर हलवतात ती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

श्रावणात गोळी सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता, उठल्याबरोबर, पुढे दोन तास काही खायचं नाही. एक वही मिळाली, तिच्यात रोजची तारीख, वेळ आणि सही. चार आठवड्यांनी वही आणि उरलेल्या गोळ्यांसकट बाटली घेऊन यायचं. एका बाटलीत तीस गोळ्या, म्हणजे दोन उरायला हव्यात. आप्पांना वही फार आवडली. बाहेरदेशी जाणाऱ्या द्राक्षांसाठी ते कित्येक वर्षं फवारणीची वही लिहीत आले आहेत. कोणत्या दिवशी काय मारलं, किती मारलं, किती ओळींना मारलं. हे त्यांच्या हातचं काम होतं.

दसऱ्यापर्यंत खोकला बराच उतरला. स्कॅन झालं, डॉक्टर म्हणाले, गाठ थोडी कमी दिसतेय. त्यांनी पडद्यावर जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावून दाखवलं. आप्पा बराच वेळ बघत राहिले. परत जाताना गाडीत म्हणाले, मला तर दोन्ही सारखीच दिसली, आणि खोकल्याचं काय, पाऊस सरून आभाळ मोकळं झालं की कुणाचाही खोकला उतरतोच. मी वणीच्या देवीच्या गडाकडे निघालेल्या गर्दीतून गाडी काढण्यात गुंतले होते. हं म्हटलं आणि विसरून गेले.

दिवाळीनंतरची खेप आली. आप्पा नेहमीसारखे आदल्या दिवशी माझ्याकडे आले. सकाळी ते आंघोळीला गेले असताना, पिशवीत सगळं आहे ना बघावं म्हणून मी बाटली उचलली. ती जास्त वाजली. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून गोळ्या मोजल्या. दोन नव्हत्या, दहा होत्या. वही उघडली. मधले आठ दिवस कोरे होते.

चहा घेताना मी विचारलं. त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू कुणी विचारतंय का याचीच वाट बघत होते. आठ दिवस गोळी बंद ठेवली होती. नवव्या दिवशी परत सुरू केली. किती दिवस सोडायचं ते आधीच ठरवून ठेवलं होतं.

"तिथं कुणी मोकळी ओळ ठेवली नव्हती," ते म्हणाले, "मंग मीच राहिलो."

त्यावर मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून गेल्या. मला राग अशासाठी आला होता, की संमतीपत्राचं ते पान मला पाठ होतं. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त दिवस गोळी चुकली, तर चाचणीतून काढलं जाऊ शकतं. ही गोळी कुठल्याच दुकानात मिळत नाही. चाचणीतून बाहेर म्हणजे गोळी बंद, आणि गोळी बंद म्हणजे पुढे काय, ते सांगायला डॉक्टर लागत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मला ठाऊक आहे, म्हणाले. पण कप उचलायला गेलेला हात तसाच थांबला होता. त्यांना ते ठाऊक नव्हतं, किंवा असलं तरी स्वतःबद्दल म्हणून ठाऊक नव्हतं.

ते गॅलरीत चपला घालायला गेले, आणि मी त्यांच्याच निळ्या पेनने आठ रकाने भरून टाकले. सात, सात पाच, सात, सात दहा. खरं वाटावं म्हणून वेळा थोड्या मागेपुढे केल्या, आणि सही म्हणून त्यांच्यासारखा एक फराटा ओढला. आठ गोळ्या रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या. प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलं हेच करतात. आधी उत्तर बघतात, मग त्याला साजेशी निरीक्षणं लिहितात, आणि मी ती वही वर्गासमोर धरून त्यांची लाज काढते. वीस वर्षं काढत आले. त्या सकाळी मला आप्पा जिवंत हवे होते आणि बाकी काही दिसत नव्हतं.

रुग्णालयात ताईने बाटली एका छोट्या ट्रेमध्ये उपडी केली. दोन गोळ्या. वहीवरून बोट फिरवलं. सगळे दिवस भरलेले. बरोबर आहे म्हणाली आणि खाली सही करायला वही आप्पांपुढे सरकवली. मी पिशवी आवरायला घेतली.

आप्पा न वाचता कशावरही सही करत नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मधे थांबले. माझ्याकडे बघितलं नाही.

"ताई, हे आठ दिवस मी गोळी घेतलेली नाय," ते म्हणाले. "हे अक्षर माझं नाय. गोळ्या हिच्या पर्समध्ये असतील."

मी रुमाल काढून ट्रेवर सोडला. आठ गोळ्या ट्रेमध्ये पडल्या. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या मुलीसमोर मला मान वर करता येईना. ती रागावली नाही, ते आणखी जड गेलं. तिने पेन माझ्या हातात दिलं आणि कसं करायचं ते सांगितलं. पांढरी शाई लावायची नाही, गिरगटायचं नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. रेघेखालचं वाचता आलंच पाहिजे. मी आठ वेळा रेघ मारली, आठ वेळा सही केली. माझा खोटेपणा त्या फाइलमध्ये अजूनही स्वच्छ वाचता येतो.

डॉक्टर आले. ते चिडले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी आमच्या शेतकरी गटातल्या एकाने एक फवारणी वहीत लिहिली नव्हती. पॅकहाऊसमध्ये, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्या भरतात तिथे, सगळ्यांचा माल एकत्र झाला, एकाच कंटेनरमधून बाहेरदेशी गेला आणि तिकडच्या तपासणीत ते औषध सापडलं. सगळा कंटेनर अडकला.

"आमची वही खरी होती, तरी आमचाबी माल गेला," आप्पा म्हणाले. "ह्या वहीत खोटं राहिलं तर पुढं कुणाचं काय जाईल, मला काय म्हाईत?"

मग त्यांनी खिशातून बागेची छोटी डायरी काढली. तिच्यात त्या आठ दिवसांचं सगळं लिहिलेलं होतं. पहिले चार दिवस फरक नाही. पाचव्या दिवशी पहाटे खोकला. सहाव्या दिवशी बांधावरून शेडपर्यंत येताना दोनदा थांबलो. सातव्या दिवशी रात्री उशी उंच लागली. आठवा दिवस तसाच. गोळी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी न थांबता शेडपर्यंत. डॉक्टरांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून बसून परत वाचलं. म्हणाले, असं पुन्हा केलंत तर मी स्वतः तुम्हाला बाहेर काढीन. आणि मग, जरा वेळाने, या पानांची एक प्रत मिळेल का?

नियम मात्र नियम होता. हे सगळं नैतिकता समितीला आणि कंपनीला कळवावं लागणार होतं. त्या दिवशीच स्कॅन केलं. निर्णय येईपर्यंत सात गोळ्या मोजून दिल्या. निर्णय विरुद्ध गेला तर त्या शेवटच्या.

तो आठवडा मी कॉलेजात काय शिकवलं ते मला आठवत नाही. आप्पांवरचा राग केव्हाच गेला होता. स्वतःवरचा जात नव्हता, आणि खोटं पकडलं गेलं नसतं तर बरं झालं असतं असंही अधूनमधून वाटायचं. दोन्ही एकदम वाटायचं. सहाव्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. स्कॅनवर गाठ वाढलेली नाही, आप्पांना चाचणीत राहू देणार आहेत. अट एकच, रोज गोळी घेताना घरातल्या कुणीतरी समोर असायचं आणि वहीत शेजारी सही करायची.

मी लगेच गावी फोन लावून सांगितलं. आप्पा म्हणाले, तुझ्या आईला ठेवतो, तू नको, तू भरून टाकतेस. पलीकडे आई हसली. कित्येक दिवसांनी हसली असेल.

त्याला आता वर्ष होत आलं. गोळी अजून चालते आहे. वहीत आईची गोल अक्षरातली सही रोज असते, आणि माझ्याकडे फक्त पिशवी धरायचं काम आहे. आप्पा गोळी गिळतात तेव्हा, ती पोटातून निघून त्या एवढ्याशा पलटलेल्या काडीपर्यंत कशी पोचते, हे मी मनातल्या मनात बघायचा प्रयत्न करते. पूर्ण दिसत नाही, पण अजून बघावंसं वाटतं.

या ऑक्टोबरला छाटणीनंतर मी गावी गेले होते. फवारणीचा ब्लोअर भरून ट्रॅक्टर उभा होता. भावाने नेहमीप्रमाणे, जरा कुरकुरतच, ओढ्याकडच्याच चार ओळी सोडू ना, असं विचारलं. आप्पा त्या ओळींकडे बघत होते. नुकती फूट आलेली, पानं अजून नखाएवढी.

"यंदा नको सोडू," ते म्हणाले. "सगळ्यांना मार."

 मग भावानेच ते विचारलं, जे आयुष्यभर त्याने ऐकलं होतं, की औषध चालतंय का ते कळणार कसं? आप्पांनी त्याला हातानेच ट्रॅक्टर सुरू करायची खूण केली. ट्रॅक्टर सुरू झाला, पहिल्या ओळीत शिरला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मला एकटीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले,

"नाय कळलं तर नाय कळलं. पाचव्या दिवशी मी लय घाबरलो व्हतो. ते तेवढं डायरीत लिहिलं नाय."